तोंडावरचे बोट

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाला ‘अ’ कसा काढावा हे कळण्याच्या आधी दोन खुणा शिकाव्या लागतात. पहिली ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही. दुसरी उभारलेल्या करंगळीची. पहिली खूण गुरुजी सांगतात आणि मूल करते. दुसरी मूल करते आणि गुरुजी, लहर असेल तर, मान हलवतात. पिढ्यानपिढ्या मराठी प्राथमिक शाळेचा सारा खुणांचा कोश या दोन नोंदींत आटोपत आलेला आहे. एकीचा अर्थ ‘गप्प बस’ असा होतो, दुसरीचा ‘मला बाहेर जाऊ द्या’ असा. वर्गात बसून, शिकता शिकता मुलाला जे काही म्हणायचे असते, त्यासाठी मात्र या कोशात एकही खूण नाही. मला ऐकू आले नाही, मला कळले नाही, माझे लिहून झाले, माझी पेन्सिल मोडली, मला मदत हवी, यांपैकी काहीही सांगायचे तर तोंडावरचे बोट काढावे लागते. आणि ते काढले की पुन्हा ‘तोंडावर बोट’ अशी आज्ञा होते.

परदेशांतील, विशेषतः अमेरिकेतील, पुष्कळ प्राथमिक शाळांत ही उणीव भरून काढण्याचा एक साधा मार्ग रूढ झाला आहे. कर्णबधिरांच्या भाषेतील पाच-दहा सोप्या खुणा उचलून त्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या वर्गात नित्याच्या कामासाठी वापरल्या जातात. मूल जागेवरूनच खूण करते; शिक्षक फळ्यावरचे वाक्य न तोडता मानेने होकार देतो किंवा तळहात दाखवून ‘जरा थांब’ म्हणतो; बाकीच्या मुलांचे लक्ष ढळत नाही. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणांचे जाडजूड खंड ज्यांना वाचावे लागतात त्यांना तर ती हास्यास्पदही वाटेल. परंतु ज्याने कधी चाळीस लहान मुलांसमोर अर्धा तास उभे राहून पाहिले आहे, तो हसणार नाही.

खुणांनी कामकाज चालवणे हे मराठी माणसाला नवीन आहे असेही नाही. एसटीचा वाहक एक घंटा देऊन गाडी थांबवतो आणि दोन घंटा देऊन सोडतो. चालकाशी त्याला शब्दही बोलावा लागत नाही. क्रिकेटचा पंच एक बोट वर करतो आणि हजारो माणसांना निकाल कळतो. बैलबाजारात व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून हजारोंचा सौदा करतात, आणि भाव न पटल्यास दोघेही काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने निघून जातात. शेतमालाच्या बाजारातही हत्ता पद्धतीने असेच झाकलेले व्यवहार होत. शेतकऱ्याची त्यात नागवणूक होते म्हणून उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला. बोटांनी बोलण्याला मराठीत ‘करपल्लवी’ आणि डोळ्यांनी बोलण्याला ‘नेत्रपल्लवी’ असे जुने, देखणे शब्द आहेत. शब्द आहेत, सवय आहे. शाळेच्या उंबरठ्याशीच ती का अडली, एवढाच प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यात, परळी-अंबाजोगाईच्या परिसरात धर्मापुरी हे जुने गाव आहे. तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या देवमूर्तींचे हात कधी रिकामे नसतात. अभय देणारा उभा तळहात आणि वर देणारा खाली वळलेला तळहात यांतला फरक ज्याला अक्षर ठाऊक नाही त्यालाही कळत आला आहे. पण शिल्पांचे कौतुक येथेच पुरे. प्रश्न त्या परिसरातल्या शाळांचा आहे, आणि धर्मापुरीचे नाव घ्यायचे ते एवढ्यासाठी की, वर्गातील खुणांची गरज एखाद्या शहरी इंग्रजी शाळेपेक्षा अशा गावात आणि त्याच्या भोवतालच्या वाड्या-तांड्यांवर कितीतरी अधिक आहे.

तेथील वर्ग कसा असतो हे पाहिले म्हणजे ते पटेल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक असावेत असे ठरवून दिले. इयत्ता मात्र चार किंवा पाच. म्हणजे छोट्या गावात वा तांड्यावर एका शिक्षकाच्या वाट्याला एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता येतात, आणि त्यांतील एकीला शिकवताना दुसरीला काहीतरी लिहायला देऊन बसवावे लागते. लिहायला दिलेली मुले पाच मिनिटांत अडतात. ‘गुरुजी, शाई संपली’, ‘बाई, याने माझे खोडरबर घेतले’, ‘सर, झाले’, ‘सर, पुढे काय लिहू?’ समजा, खोलीत ३० मुले आहेत आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाने केवळ एकदा तोंड उघडले. तरी सरासरी मिनिटाला एकदा शिकवणे तुटते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेच्या पलीकडे पोहोचत नाही. मग तो ओरडतो. मुले त्याहून मोठ्याने ओरडतात. तास संपतो तेव्हा एका माणसाचा घसा बसलेला असतो आणि फळ्यावर दोन ओळी झालेल्या असतात.

पूर्वी या गोंगाटावर छडी हा उपाय होता. याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली, आणि १ एप्रिल २०१० पासून ती मनाई अमलात आली. ते योग्यच झाले. पण छडी काढून घेताना तिच्या जागी काय ठेवायचे, हे शिक्षकाला कोणी शिकवले नाही. रिकामी झालेली जागा आवाजाने घेतली. छडीने वळ उठत. आवाजाने वळ उठत नाहीत, म्हणून त्याची तक्रार होत नाही, इतकेच. टेबलावर डस्टर आपटणे, नाव घेऊन टोचून बोलणे, ‘तुझ्या बापाला बोलवू का’ असे विचारणे, ही सगळी छडीचीच आवाजी रूपे आहेत. त्यात शिक्षकाचा दुष्टपणा असतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त थकलेला असतो.

अशा वेळी हाताने काम भागत असेल तर तोंडाला विश्रांती द्यावी, हा विचार व्यवहारी आहे. तळहात उभा केला म्हणजे थांबा. दोन्ही हात वर गेले म्हणजे सर्वांनी हातातले काम खाली ठेवावे. मुलाने ठरलेली खूण केली म्हणजे त्याला पाणी प्यायचे आहे. इतके जरी बसवले तरी तासातला बराच कालवा आपोआप ओसरतो. बीड जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी बंजारा बोली असते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला पहिलीत परकी वाटते. ‘बाई, मी स्वच्छतागृहात जाऊ का?’ हे वाक्य त्याला जमत नाही, जमले तर त्याच्या उच्चाराला मुले हसतात, आणि शेवटी तो विचारतच नाही. त्याचा परिणाम काय होतो हे पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. करंगळीला कोणतीही प्रमाणभाषा लागत नाही. तिच्यासारख्या आणखी दहा खुणा असत्या तर त्या मुलाचे पहिले वर्ष निम्म्याने सुसह्य झाले असते.

मात्र एवढ्याच कारणासाठी खुणा आणायच्या असतील, तर त्यांचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. शांततेसाठी खुणा वापरण्याचा खटाटोप युरोपने तीनशे वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ला साल यांच्या शाळांत शिक्षकाच्या हाती एक लाकडी खटका असे. एक खट म्हणजे वाचणे थांबव, दोन खट म्हणजे चुकलेले पुन्हा वाच. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील लँकेस्टरच्या शाळांत शेकडो मुलांसमोर खांबावर अक्षरांच्या पाट्या फिरत, आणि ठरलेले अक्षर दिसले की साऱ्या पाट्या एकदम वर होत. आपल्या वर्गातला ‘मॉनिटर’ हा त्याच परंपरेचा वारस. ती पद्धत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात बसवली आणि तेथून ती इंग्लंडात गेली. त्या शाळा शांत होत्या यात शंका नाही. गिरणीतले साचे चालावेत तशा त्या चालत. पण त्या साऱ्या खुणा वरून खाली जात. खालून वर येणारी एकही नव्हती. आज एखाद्या उत्साही केंद्रप्रमुखाने ‘खुणांद्वारे वर्गनियंत्रण’ असा उपक्रम काढला आणि मुले हाताच्या इशाऱ्यावर उठू-बसू लागली, तर तपासणीला आलेले अधिकारी प्रसन्न होतील. मुलांच्या पदरी मात्र ‘तोंडावर बोट’ याच्याच आणखी दहा आवृत्त्या पडतील.

शांतता दोन प्रकारची असते हे माँटेसोरीबाईंनी दाखवून दिले होते. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या विचारांची मुळे मराठी मुलखात ताराबाई मोडकांनी आधीच रुजवली होती, आणि १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत अनुताई वाघांसह ती वाढवली. माँटेसोरींच्या शांततेच्या खेळात मुले स्वतः स्तब्ध राहतात आणि मग शिक्षिका दुरून, अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेते. नाव ऐकू आलेले मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. ती शांतता ऐकण्यासाठी असते. ‘तोंडावर बोट’ ही शांतता ऐकवण्यासाठी असते. वर्गात आणायच्या खुणा यांपैकी कोणत्या शांततेच्या बाजूच्या आहेत, हे आधी ठरवले पाहिजे.

ते ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. शिक्षक धडा संपवून विचारतो, ‘समजले का?’ आणि वर्ग एका सुरात लांबलचक ‘होऽऽ’ म्हणतो. हा होकार मराठी शाळेतील सर्वांत जुना आणि सर्वांत फसवा आवाज आहे. त्यात न समजलेले मूल सर्वांत मोठ्याने ओरडते, कारण त्याला लपायचे असते. ‘मला समजले नाही’ असे उभे राहून सांगणे म्हणजे चाळीस जणांपुढे स्वतःला ढ म्हणवून घेणे. पाचवी-सहावीपर्यंत पोहोचलेले कोणतेही शहाणे मूल तो धोका पत्करत नाही. आता हेच मूल छातीशी हात ठेवून, शेजाऱ्यालाही न कळेल अशा बेताने एक ठरलेली खूण करू शकले तर? शिक्षकाने ‘समजले का’ असे न विचारता ‘खूण करा’ म्हटले आणि प्रत्येक मुलाने समजले, अर्धवट समजले, समजले नाही यांपैकी आपापली खूण छातीशी धरली, तर एका दृष्टिक्षेपात शिक्षकाला जे कळेल ते घटक चाचणीच्या गठ्ठ्यातूनही कळत नाही. ज्या वर्गात ‘समजले नाही’ ही खूण आहे आणि ती करणाऱ्या मुलाकडे शिक्षक खरोखर पुन्हा वळतो, त्या वर्गाला बाकीच्या खुणा आणण्याचा अधिकार आहे. ती नसेल तर खटका आणि पाट्या पुरे होत्या.

बीड जिल्ह्यातील शाळेत या एका खुणेची किंमत काय आहे, ते दिवाळीनंतर दिसते. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयते आणि संसार घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. काही उसाच्या फडात जातात. ही दुसरी मुले पाडव्याच्या सुमारास परत येतात तेव्हा वर्ग चाळीस पाने पुढे गेलेला असतो. परत आलेल्या मुलाला वर्गात सर्वांत अधिक वेळा जे म्हणायचे असते ते ‘मला हे समजले नाही’ हेच; आणि सर्वांत कमी वेळा तेच म्हटले जाते. तो मागच्या भिंतीला टेकून बसतो, ‘होऽऽ’ म्हणतो, आणि पुढच्या वर्षी कोयता उचलतो. गळतीची कारणे शोधणाऱ्या समित्यांनी दारिद्र्य, स्थलांतर, बालविवाह अशी मोठी कारणे नोंदवली आहेत आणि ती खरी आहेत. त्यांच्या तळाशी रोजची ही लहानशी मुकी हारही असते, तिची नोंद होत नाही.

या मुलाच्या शेजारी कधीकधी आणखी एक मूल असते, ज्याला खरोखरच ऐकू येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदवली गेली. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याची एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ पासूनची आहे. त्यामुळे खेड्यातील शाळेच्या हजेरीपटावर कर्णबधिर मुलाचे नाव असणे हे नवल राहिलेले नाही. त्याच्याशी बोलू शकणारे माणूस शाळेत असणे हे मात्र अजून नवल आहे. पहिल्या बाकावर बसवले की शिक्षकाचे कर्तव्य संपते. ते मूल फळ्यावरचे सुबक उतरवून घेते, आणि त्याची वही पाहून सर्वांना वाटते की त्याचे ठीक चालले आहे.

मराठवाड्याला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नसावी. निजामाच्या राज्यात येथील माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत चाले. घरी मराठी बोलणारी हुशार मुले वर्गात मुकी होत, आणि भूगोलाचे उत्तर येत असूनही ते कोणत्या शब्दांत सांगावे याच विवंचनेत बसून राहत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते संपले. आपल्या भाषेतून शिकण्याचा हक्क म्हणजे काय, हे ज्या प्रदेशाने इतक्या जवळून अनुभवले त्याने कर्णबधिर मुलाच्या भाषेकडे केवळ दयेच्या नजरेने पाहू नये.

कारण खुणांची भाषा ही भाषा आहे, हे आता निर्विवाद आहे. ते सिद्ध व्हायला मात्र फार काळ लागला. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेने खुणांना शाळेतून हद्दपार करून ओठांच्या हालचाली वाचणे आणि तोंडाने बोलणे हीच शिक्षणाची रीत ठरवली. मुंबईत भारतातील पहिली मूकबधिर शाळा निघाली ती त्यानंतर काही वर्षांतच; या देशातील बहुतेक शाळांवर त्या मौखिक पद्धतीचीच छाया राहिली. पुष्कळ देशांत मुलांना हातांवर बसायला लावत, खुणा केल्या तर शिक्षा होई. म्हणजे ऐकू येणाऱ्या मुलाच्या तोंडावर बोट आणि ऐकू न येणाऱ्याच्या हातांना बंदी, अशी ती समान वागणूक होती! १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण असते हे दाखवले. आपल्याकडे मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईसह निरनिराळ्या शहरांतील खुणांचा अभ्यास सुरू केला, आणि त्या बऱ्याच अंशी एकाच भाषेच्या आहेत असे आढळले. निकाराग्वात तर १९८० च्या सुमारास मानाग्वा येथील शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी शिक्षकांच्या पाठीमागे, खेळाच्या मैदानावर आणि बसमध्ये स्वतःच एक नवी भाषा घडवली. ज्यांना आपण मुकी म्हणतो ती मुले इतकी बोलकी असतात.

कायद्यानेही आता ही बाजू घेतली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे आणि नेमणे हे शासनाचे काम आहे. २०१५ मध्ये नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०१८ साली ३ हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते १० हजार झाले. प्रत्येक शब्दाची खूण चित्रफितीत पाहायला मिळते, आणि ती पाहण्यास पैसे पडत नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे आश्वासन आहे. कलम १७ हे दोन्ही कायद्यांत यावे हा योगायोग. पण एकाने मारणे बंद केले आणि दुसऱ्याने हातांना बोलण्याची मुभा दिली, हे लक्षात राहण्याजोगे आहे.

येथेच या विषयातील सर्वांत व्यवहारी मुद्दा येतो. वर्गासाठी खुणा घ्यायच्या तर कोठून घ्यायच्या? परदेशी चित्रफिती पाहून काही हौशी शाळा अमेरिकन खुणा उचलतात. तेथे स्वच्छतागृहात जाण्यासाठी मुले मुठीत तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये अंगठा खुपसून मूठ हलवतात. ही खूण अमेरिकेच्या एकहाती वर्णमालेतल्या ‘टी’ या अक्षरावरून आली. भारतीय सांकेतिक भाषेतील इंग्रजी अक्षरे दोन हातांनी केली जातात, आणि धर्मापुरीच्या मुलाला तर त्या ‘टी’शी काहीच कर्तव्य नाही. त्याच्यापाशी करंगळी आहे. ती आपली आहे, जुनी आहे, आणि तिला कोणाच्याही परवान्याची गरज नाही. ती ठेवावी. बाकीच्या पाणी, मदत, पुन्हा, झाले, समजले, समजले नाही अशा आठ-दहा खुणा भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशातून जशाच्या तशा घ्याव्यात. शिक्षकाने घरी बसून नव्या रचू नयेत. रचलेल्या खुणांनीही वर्ग शांत होईल. पण कोशातल्या खुणा घेतल्या तर उद्या वर्गात येणाऱ्या कर्णबधिर मुलाला आपल्या भाषेचे दहा शब्द जाणणारे तीस सोबती पहिल्याच दिवशी भेटतील. कोणी चांगले उत्तर दिले की टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, ही कर्णबधिरांची दाद तर पहिलीतली मुले एका मिनिटात शिकतील आणि घरी जाऊन आजीलाही शिकवतील.

आठ-दहा शब्द म्हणजे भाषा नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दहा खुणा बसवल्या म्हणजे शाळा ‘सर्वसमावेशक’ झाली असा अहवाल धाडणे ही त्या मुलाची फसवणूक ठरेल. त्याला पूर्ण भाषा जाणणारा शिक्षक हवा. तो त्याचा हक्क आहे आणि तो या खुणांनी फिटत नाही.

शिक्षकवर्गातून दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, मुलांना बोलते करणे हे प्राथमिक शाळेचे काम. ती खुणा करू लागली तर बोलणार कधी? म्हणून खुणांची हद्द आखून घ्यावी. पाणी, पेन्सिल, परवानगी, समजले-न समजले, यांपुरत्याच त्या असाव्यात. उत्तर, शंका, गोष्ट, तक्रार, भांडण यांसाठी तोंडच वापरले पाहिजे, आणि ज्याच्या घरी वेगळी बोली आहे त्याने तर आधी त्याच बोलीत बोलावे. खुणांनी वाचवलेला वेळ अशा बोलण्यासाठी खर्च झाला नाही तर तो वाचवून उपयोग काय? दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. जनगणना, निवडणुका, खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे यांनी वाकलेल्या शिक्षकाच्या पाठीवर आणखी एक उपक्रम नको. तो तसा येणार असेल, म्हणजे वरून परिपत्रक, खाली प्रपत्र आणि दर महिन्याला छायाचित्रे, तर तो न आलेलाच बरा. दहा खुणा शिकण्यास एक दुपार पुरते. जिल्हा परिषदेने करायचे ते इतकेच की, केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या दुपारी परिसरातील एखाद्या कर्णबधिर तरुणाला अथवा तरुणीला रीतसर मानधन देऊन शिकवायला बोलवावे. ज्यांची भाषा उसनी घ्यायची त्यांनाच गुरुस्थानी बसवणे हे सभ्यतेला धरून होईल, आणि पुष्कळ शिक्षकांच्या आयुष्यातील कर्णबधिर माणसाशी झालेले ते पहिलेच संभाषण असेल.

वेळ मात्र पाहून हे केले पाहिजे. ऑक्टोबरअखेर ट्रक आणि ट्रॅक्टर फडांकडे निघू लागतात. शाळा उघडल्यापासून तोवर धर्मापुरीच्या भोवतालच्या शाळांच्या हाती जेमतेम साडेचार महिने असतात, आणि त्यांतले गणेशोत्सवापर्यंतचे काय ते खरे शिकण्याचे. खुणा बसवायच्या तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातच बसवाव्या लागतील. म्हणजे फडावर गेलेले मूल पाडव्याला परतेल तेव्हा धडे जरी विसरलेले असले, तरी ‘मला समजले नाही’ हे कसे सांगायचे ते त्याच्या हाताला आठवत असेल.